मागे बसलेले अप्पा

आई गेल्यानंतर आमच्या घरात ऐकू यायचे ते भांड्यांचे, विहिरीच्या रहाटाचे आणि वाडीत सुपारीच्या झावळ्या गळून पडल्याचे आवाज. घरात माणसं तीन. मी, अप्पा म्हणजे माझे वडील आणि त्यांची थोरली बहीण. तिला मीच नव्हे, सगळा गाव बायोआत्या म्हणत असे. आमचं गाव म्हसळ्याहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यापासून आत होतं. मी पनवेलला नन्सच्या शाळेत शिकले, मग मुंबईत हॉस्टेलवर राहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आणि आईच्या आजारपणात घरी आले ती तिथेच राहिले. माझ्या बरोबरीच्या मुली सासरी गेल्या होत्या. गावात उरलेल्या दोघीतिघी विहिरीवर भेटल्या की मला अहोजाहो करायच्या, कळशी भरायला मला पुढे जाऊ द्यायच्या आणि मी पाठ वळवली की पुन्हा हसायला लागायच्या. एकटेपणाचं वर्णन करायचं तर मला आजही ती आदराने मोकळी करून दिलेली विहिरीची कड आठवते.

जेवायला आम्ही तिघं एकत्रच बसायचो. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कधी सुकटीचं कालवण. आत्या विचारायची, "भात?" अप्पा म्हणायचे, "पुरे." "ताक?" "अर्धी वाटी." झालं. अप्पा वाईट माणूस नव्हते. माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. महसूल खात्यात आयुष्यभर गावोगाव फिरून, सातबारे आणि बांधांची भांडणं ऐकून निवृत्त झालेला हा माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघून मनातलं काही बोलू शकत नसे. आई होती तेव्हा ती दोघांच्या वतीने बोलायची. ती गेली आणि आमच्यातली दुभाषी गेली. ईशान, तारा, तुम्ही नातवंडं दर रविवारी व्हिडिओवर दिसता, मी "जेवलात का" विचारते, तुम्ही "हो आजी" म्हणता, आणि मग आपण तिघं एकमेकांकडे बघत बसतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. हा दोष घराण्यातूनच आलेला आहे.

गेल्या रविवारी मात्र ईशान पहिल्यांदाच आपणहून पुष्कळ बोलला. त्याला डर्ट बाईक घ्यायची आहे, कुठली घेऊ, उंच सीटची की बुटकी, आणि तुला हसू येईल आजी पण बाबा म्हणाले तुला विचार. मला हसू आलं नाही. उत्तर फोनवर देता आलं नाही म्हणून इथे लिहिते आहे.

डोंगरापलीकडे खाडीकाठच्या गावात एक हायस्कूल होतं. तिथे इंग्रजीची शिक्षिका हवी होती. मुलाखत चांगली झाली. शेवटी मुख्याध्यापकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "बाई, तुम्ही रोज येणार कशा? आमच्या रस्त्याला पावसाळ्यात एसटी येत नाही. मागचे मास्तर ह्याच कारणाने गेले." रस्ता म्हणजे जांभ्या दगडाची चढण, माथ्यावर कातळ, आणि पलीकडे लाल मातीची उतरण. पायी गेलं तर अर्धा दिवस जाण्यात, अर्धा येण्यात. मी म्हणाले, "येईन." कशी, ते मलाही माहीत नव्हतं. ही नोकरी हुकली तर उरणचा मामा वाट बघत होता. त्याने एका गोदामात माझ्यासाठी टायपिस्टची जागा बोलून ठेवली होती आणि त्याच्या मते तिथून लग्नही लवकर जमलं असतं. मला उरणला जायचं नव्हतं. आईविना अप्पा आणि आत्या दोघंच त्या घरात जेवायला बसलेली माझ्या डोळ्यांपुढे यायची.

मी हे जेवताना सांगितलं. अप्पा ताक प्यायले, उठले, हात धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत असताना पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मोटारसायकल चालवशील?"

त्यांनी स्वतः नोकरीत असताना बरीच वर्षं मोटारसायकल चालवली होती. नंतर शेवाळलेल्या पायरीवरून पडून त्यांचं उजवं मनगट मोडलं आणि वाकडंच जुळलं. त्यांना अॅक्सिलरेटर पिळता येत नव्हता, पण परवाना अजून चालू होता. त्याचं नूतनीकरण ते नेमाने करत.

आत्याने चुलीपुढूनच विचारलं, "पोरीला घोड्यावं बसवतोस, मंग नवरा कुठनं आणशील? तबेल्यातनं?"

"आधी गाडी आणू," अप्पा म्हणाले.

दोन गाड्या पाहिल्या. म्हसळ्याची पहिली गाडी जड होती, आवाज नगाऱ्यासारखा, आणि तिच्याकडे बघूनच लोक वाट सोडत. मला तीच आवडली होती. अप्पांनी मला तिच्यावर बसायला सांगितलं. पाय टेकले, पण चवड्यांवर. मग त्यांनी गाडी सरळ जमिनीवर आडवी केली. मालक "अहो, अहो" करत राहिला. अप्पा मला म्हणाले, "उचल." मी दोनदा प्रयत्न केला. "चला," ते मालकाला म्हणाले, "जी हिला एकटीला उभी करता येत नाही, ती हिची नव्हे." ईशान, दुकानातला माणूस तुला इंजिनाची ताकद सांगेल, तू त्याला गाडी आडवी करू देता का, असं विचार.

दुसरी गाडी अप्पांच्या ओळखीच्या कासीमभाईंच्या पडवीत ताडपत्रीखाली होती. त्यांचा धाकटा मुलगा कुवेतला नोकरीला गेला होता. हलकी, दोन स्ट्रोकची, सायलेन्सर जरा वर घेतलेला. अप्पांनी पायरीजवळ पडलेला जांभ्याचा एक चिरा आणून वाटेत आडवा ठेवला आणि मला गाडी त्याच्यावरून ढकलायला सांगितली. पोट घासलं नाही. माथ्यावरच्या कातळाचा उंचवटा तेवढाच होता, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी खिशातून चिंधी काढली, रॉकेलमध्ये बुडवली आणि इंजिनवरचा, सांगाड्यावरचा नंबर घासून गाडीच्या नोंदणी-पुस्तकातल्या नंबराशी एकेक आकडा जुळवू लागले.

कासीमभाई खुर्चीवर सरसावून बसले. "भाऊसाहेब, अवो चोरीची न्हाय गाडी! माझ्या पोराची हाय."

"पोरगा तुमचा आहे ते मला माहीत आहे," अप्पा मान वर न करता म्हणाले. "मी गाडीचा नंबर बघतोय."

"अल्लाची कसम, असा गिऱ्हाईक आला तर मी पोरगा पन कागद बघूनच घरात घेईन." कासीमभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बेटी, संभालून. ही पाठीमागनं लाथ मारते."

मला शिकाऊ परवाना मिळाला. अप्पांनी पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगात एल काढून गाडीच्या पुढे आणि मागे बांधला. शहरातून हेल्मेट आणवलं. आमच्या भागात तोवर कोणी ते पाहिलेलं नव्हतं. शेतातली माणसं कमरेवर हात ठेवून विचारायची, "बाय, डोक्याला टोप कशाला घातलास, लगीन हाय काय?" आणि मागे, वाकडं मनगट मांडीवर ठेवून, डावा हात माझ्या खांद्यावर टेकवून अप्पा बसायचे. शिकाऊ माणसाने परवानाधारक शिकवणाऱ्याशिवाय रस्त्यावर यायचं नाही, हा नियम त्यांनी माझ्या परवान्याच्या पहिल्या दिवसापासून पाळला. अंगणातून फाटकापर्यंत गाडी न्यायची तरी ते धोतर सावरत येऊन मागे बसत. आत्या म्हणायची, "पिंडीवं विंचू बसावा तसा बसतोय."

आणि मग एक गोष्ट घडली जिची मी अपेक्षा केली नव्हती. अप्पा बोलायला लागले.

सुरुवातीला फक्त गाडीचं. "क्लच. दुसरा. सोड हळू. खडी आहे, पुढचा ब्रेक नको, मागचा." पण डोंगराची चढण लांब होती. मी समोर बघत होते, ते माझ्या पाठीकडे. कोणाला कोणाचा चेहरा दिसत नव्हता. दोन स्ट्रोकच्या त्या इंजिनाचा कडकडाट, माझ्या कानांवर हेल्मेट, त्यामुळे जे काही बोलायचं ते त्यांना ओरडून बोलावं लागे. हा लाजरा माणूस भर शेतांमधून ओरडायचा, "तुझ्या आईला इथेऽऽ पाडलं होतं मी!" मी ओरडून विचारायचे, "काऽय?" "इथेऽऽ! लग्नानंतर आणताना! माहेरून! सायकलवरून पाडलं! बोलली नाही माझ्याशी! घरापर्यंत!" बांधावरची बाई पेंढ्याचा भारा खाली ठेवून ऐकत उभी राहायची. मग लगेच, त्याच आवाजात, "दुसरा टाक!"

आईला खेकडे पकडता यायचे हे मला अप्पांकडून त्या चढणीवर कळलं. शेवटच्या आजारात तिने एकदा मध्येच उठून त्यांना तुमचा सदरा उसवलाय असं सांगितलं आणि ते तिचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं, हेही तिथेच कळलं. तो सदरा ते अजून शिवायला देत नव्हते. हे ओरडून सांगताना त्यांचा आवाज मध्येच फाटला आणि त्यांनी पुढचा शब्द म्हणून "खड्डा!" म्हटलं. खड्डा नव्हता. मी तरी वळवून घेतली.

फाटकात शिरलं, इंजिन बंद झालं की तेही बंद. आम्ही हातपाय धुवायचो. "भात?" "पुरे."

म्हणून मी गाडीची काळजी फार घेत असे. ती चालू राहावी यात माझा स्वार्थ होता. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते मापाने. संध्याकाळी प्लग काढून त्याची काजळी काचकागदाने पुसायची. साखळी रॉकेलने धुऊन वंगण लावायचं, चाकाचे आरे एकेक करून बोटाने दाबून बघायचे. पुढच्या चाकावरचं मडगार्ड आम्ही उंच बसवून घेतलं, कारण आमची लाल माती ओली झाली की त्यात घट्ट बसते आणि चाक फिरेनासं होतं. अप्पा ओट्यावर बसून बघत असायचे, पण तिथे ते बोलत नसत. मी कधी मुद्दाम विचारायचे, "आई आणखी काय काय करायची?" ते पानाचा डबा उघडून आत बघत राहायचे. त्यांना बोलायला रस्ता लागत होता.

आरटीओचा कॅम्प महिन्यातून एकदा म्हसळ्याला भरे. एप्रिलच्या कॅम्पला आम्ही गेलो. मैदानावर फक्कीने मोठा आठ काढला होता. आजूबाजूला ट्रॅक्टरवाले, टेम्पोवाले, आणि परीक्षेशी काही संबंध नसलेली निम्मी बाजारपेठ. माझा नंबर आला. मी आणि अप्पा दोघंही गाडीवर बसलो.

"मागचे उतरा," इन्स्पेक्टर म्हणाले.

अप्पा क्षणभर तसेच बसले. मग उतरले.

मी क्लच सोडला आणि गाडी पायाखालून निघाली. इतके महिने जिच्या पाठीवर माझ्यापेक्षा जड माणूस बसलेला असे, ती मोकळी झाली होती. पुढे झेपावली. मी घाबरून नेहमीच्या जोराने मागचा ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी अडलं, शेपटी फिरली आणि मी फक्की ओलांडून पाय टेकून उभी राहिले.

"बाई, आठ काढायला सांगितला, तुम्ही एक काढलात!" कोणीतरी ओरडलं आणि बाजार हसला.

इन्स्पेक्टर हसले नाहीत. जवळ येऊन विचारलं, "घरी जमत होता ना?"

"रोज जमतो," मी म्हणाले.

"एकटीला?"

मी अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, "एकटी कधी चालवली नाही, साहेब. नियमात बसत नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या कॅम्पला या," ते म्हणाले. पुढचा कॅम्प मे महिन्यात, शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा.

घरी आत्याने माझा खरचटलेला घोटा पाहिला, हळद आणली आणि अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोंबडी पन पिल्लांना टोचा मारून लांब करते एक दिस. आमचा मेला बसलाय गादीवं. उतर की तिच्या पाठीवरनं!" अप्पा उठले. नियमांचं पुस्तक घेऊन माजघरात गेले. दुपारभर आतच होते. बाहेर येऊन भिंतीकडे बघत म्हणाले, "पुळण हा सार्वजनिक रस्ता नाही."

खाऱ्या पाण्याने गाडी गंजते म्हणून तोवर त्यांनी मला समुद्राकडे जाऊ दिलं नव्हतं. आता ओहोटीची वेळ बघून आम्ही निघालो. आमची पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, ओहोटीला घट्ट असते, चाक रुतत नाही, आणि दुपारच्या उन्हात तिथे कोणी नसतं. वाळू लागली तसे अप्पा उतरले, वहाणा हातात घेतल्या. "जा," म्हणाले.

मी गेले. पहिल्यांदा वाकडी, मग सरळ. तिसरा गिअर मी पहिल्यांदाच इतका वेळ वापरला. वारा हेल्मेटमध्ये शिरत होता. पुढे कुरव पक्ष्यांचा थवाच्या थवा वाळूवर बसला होता. मी जवळ येताच तो सगळा एकदम उठला, माझ्या डोक्यावरून वळला, आणि मी ओरडले, "अप्पा, बघा!"

खांद्यावर हात नव्हता. मी गाडी थांबवून मागे पाहिलं. पुळणीच्या त्या टोकाला जाळी वाळवायचे काही खुंट रोवलेले होते. त्यांतला कुठला खुंट आणि कुठले अप्पा, हे मला ओळखता येईना. इंजिन चालू ठेवून मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. आनंद व्हायला हवा होता. इतकी मोकळी जागा मला आयुष्यात परत मिळाली नाही. मी परत वळले, आणि खुंटांतला एक हलला तेव्हा गाडी सरळ त्याच्या रोखाने घेतली.

मी त्यांच्यापुढे येऊन थांबले. म्हटलं, "बसता?"

"चांगलं जमतंय," ते म्हणाले. "आणखी एकदा."

असं रोज. ते मला पाठवायचे, मी परत यायचे, ते म्हणायचे आणखी एकदा. मग वाळूत काठीने आठ काढून दिला. घरी आल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी अगदी चाकाच्या आऱ्यांपर्यंत धुवायची, पुसायची, साखळीला वंगण. ईशान, समुद्रावर गाडी नेलीस तर त्याच दिवशी धू, उद्यावर टाकू नकोस. मीठ थांबत नाही. पुळणीवर जाताना-येताना रस्त्याचा तुकडा होता, तेवढ्यापुरते अप्पा मागे बसत, पण तो तुकडा लहान होता. बोलणं सुरू व्हायच्या आत संपायचा.

मे महिन्याच्या कॅम्पला इन्स्पेक्टरांनी मला ओळखलं. "मागचे..." ते म्हणायला लागले, पण अप्पा आधीच उतरून झाडाखाली जाऊन उभे राहिले होते. मी आठ काढला. दुसरा काढायला सांगितला, तोही काढला. हाताने दाखवायच्या खुणा, पाट्यांचे अर्थ. बाजार हसायला जमला होता तो कंटाळून निघून गेला. त्या काळी परवान्याची छोटी पुस्तिका कॅम्पमध्येच भरून देत. संध्याकाळी ती हातात आली. नोकरी माझी झाली, उरण टळलं. अप्पांनी पुस्तिका उघडून नाव, पत्ता, वाहनाचा प्रकार सगळं वाचलं आणि परत दिली. खिशातून पक्कड काढून एलचे दोन्ही पत्रे सोडवले, तारा गुंडाळून पिशवीत टाकल्या.

"चला," मी म्हणाले. "बसा."

ते बसले. पण माझ्या खांद्यावर हात आला नाही. आरशात पाहिलं तर त्यांनी डाव्या हाताने सीटच्या मागची दांडी धरली होती, एसटीत अनोळखी बाईशेजारी बसलेला सभ्य माणूस बसतो तसे. बाजार संपला, शेतं लागली. मी वाट बघत होते. वळण आलं, ते काही म्हणाले नाहीत. खडी आली, काही नाही. आई सायकलवरून पडली होती ती जागा मी मुद्दाम सावकाश ओलांडली. इंजिनाखेरीज कसलाच आवाज नव्हता.

मग चढण आली. मी तिसऱ्यातच ठेवली. गाडीचा जीव जायला लागला, टाकी थरथरू लागली, हँडल माझ्या हातात धडधडत होतं. कोणत्याही शिकवणाऱ्याने ओरडावं असं मी चालवत होते.

"अप्पाऽऽ!" मी ओरडले. "जागे आहात ना?"

"आहे," ते म्हणाले. "चालव तू."

गाडी जवळजवळ थांबत आली होती. मी क्लच दाबला आणि दुसरा टाकला.